जुनी चूल: लिंपायची, बदलायची की बाहेर काढायची?

पावसाळा सरला की आमच्या हसनाबादला घरोघरी चुलींची डागडुजी सुरू होते. कुठे वैलाला तडा गेलेला असतो, कुठे चुलीच्या तोंडाची माती झडलेली असते. त्याच दिवसांत खोकल्याच्या पेशंटबरोबर एक प्रश्नही दवाखान्यात येतो : "डॉक्टर साहेब, चूल जुनी झाली. नवी मांडू, निर्धूर बसवू, का मोडूनच टाकू?" या प्रश्नाचा फुफ्फुसाशी थेट संबंध आहे, म्हणून आज त्याविषयी.

तडा बुजवला तर धूर कमी होतो का?

फारसा नाही. धूर होतो तो सरपण पूर्ण न जळल्यामुळे. ओल्या गोवऱ्या, दमट पऱ्हाट्या किंवा चुलीत कोंबलेल्या तुराट्या यांना पुरेशी हवा मिळत नाही आणि न जळलेला भाग धूर होऊन बाहेर पडतो. तडा बुजवला तर आच वाया जात नाही, सरपण थोडं वाचतं. पण जुन्याच पद्धतीची नवी चूल त्याच कोपऱ्यात मांडली, तर छातीच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही.

या धुरात दोन गोष्टी विशेष घातक असतात. एक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. दुसरे सूक्ष्म कण, २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून कल्पना करा. हे कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २४ तासांत त्यांची सरासरी दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. भारताची मर्यादा ६० आहे. कोंदट स्वयंपाकघरात चूल पेटली की हा आकडा शेकड्यांत जातो.

विडी न ओढता सीओपीडी

साठीच्या एक मावशी दम लागतो म्हणून आल्या. स्पायरोमेट्रीत सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आक्रसलेल्या. "विडी ओढता का?" विचारलं तर म्हणाल्या, "नाही हो साहेब, मिसरीसुद्धा लावत नाही." पण वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून रोज तीन-चार तास चुलीपुढे. इनहेलर दिला, त्यानं दम कमी होतो. गेलेली ताकद मात्र परत येत नाही. त्यांनी विचारलं, "मग आता चूल बदलून काय फायदा?" फायदा असा, की धूर थांबला तर पुढची घसरण मंदावते. आणि त्यांच्या शेजारी बसून तोच धूर घेणारी गरोदर सून आणि दोन वर्षांचा नातू यांची फुफ्फुसं अजून वाचवता येतात.

निर्धूर चूल?

धुराडं असलेली चूल चांगलीच, पण देखभालीसह. ओडिशात अशा चुली दिलेल्या कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत अभ्यास झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर घटला, नंतर फरक उरला नाही. धुराडी साफ झाली नाहीत, दुरुस्त झाली नाहीत, आणि चुलीचा वापरही कमी होत गेला. काजळीनं तुंबलेलं धुराडं असून नसल्यासारखंच.

मग गॅस?

घरातला रोजचा स्वयंपाक गॅसवर, हाच सर्वांत चांगला पर्याय. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर अनेक घरांत शेगडी आली. पण सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात आणि पऱ्हाट्या शेतात फुकट मिळतात. म्हणून चहा गॅसवर आणि बाकी सगळं चुलीवर, असं चालतं. यानं धूर थोडाच कमी होतो.

आमच्या घरीही हा वाद झाला. आईचं म्हणणं, चुलीच्या निखाऱ्यावर फुगलेल्या भाकरीची सर गॅसला नाही. ते मला पटतं. म्हणून चूल मोडण्याआधी ती दिवसात कशासाठी किती वेळ पेटते, ते पाहिलं. सर्वांत जास्त वेळ अंघोळीच्या पाण्याला लागत होता, आणि त्यासाठी चुलीजवळ बसून राहावं लागत नाही. मग चूल अंगणात पत्र्याखाली नेली. पाणी तिथं, स्वयंपाक आत गॅसवर, आणि कधीमधी बाहेरच्या चुलीवर भाकरी. पावसाच्या झडीत आई ती आत आणायला सांगते, आणि दर वर्षी तो वाद नव्यानं होतो.

तुम्हीही असाच हिशोब करा :

- सिलिंडर पुरवून वापरायचा असेल, तर आधी घराच्या आत शिजणारं सगळं गॅसवर घ्या. पाणी आणि जनावरांचं आंबोण बाहेरच्या चुलीवर.
- चूल आत ठेवणं भागच असेल, तर वाळलेलं, बारीक फोडलेलं सरपण थोडं थोडं घाला, दार-खिडकी उघडी ठेवा, धुराडं नियमित साफ करा.
- लहान मूल आणि गरोदर बाई चुलीजवळ नको.
- थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर "धुराचाच असेल" म्हणून अंगावर काढू नका. थुंकी तपासून आधी क्षयरोग नाही याची खात्री करा, मग स्पायरोमेट्री. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी चुलीपुढे किती वर्षं काढलीत ते आवर्जून सांगा.