आधी खेळा, मग बोला

आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं मोबाइलवर वाचायची एक कथा रचली आहे. बुधवारच्या बाजारात ऐन गर्दीत लाइन जाते, धाकट्या भावाचा हात सुटतो, आणि पुढे काय करायचं ते वाचकानं ठरवायचं. भाजीवाल्या मावशीला विचारायचं, की तलावाच्या बाजूला धावायचं? पर्यायावर बोट ठेवलं की पुढचं पान उघडतं. ट्वाइन नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात तिनं हे एकटीनं बसवलं. “काका, खेळून पहा न. पण खरं सांगा,” म्हणत तिनं ते माझ्याकडे पाठवलं.

माझ्याआधी बऱ्याच जणांचं तिला खरं सांगून झालं होतं. घरचे “मस्त” म्हणाले. एका मित्रानं चित्रं टाकायला सांगितलं. एक जाणते गृहस्थ म्हणाले, सक्करदऱ्याची कथा आहे तर भोसल्यांचा वाडा हवा, सूफी संत ताजुद्दीन बाबा हवेत. राजे रघुजीरावांनी १९०८ साली बाबांना पागलखान्यातून सोडवून आणलं, १९२५ साली बाबांनी इथेच देह ठेवला, हे सगळं सोडून बाजार काय लिहितेस? माहिती अगदी खरी. पण ती कथा गृहस्थांच्या मनातली होती. हिच्या कथेत भाऊ हरवला होता.

छापील कथेला एकच रस्ता असतो. इथे प्रत्येक वाचक आपल्या वाटेनं जातो, आणि लेखिकेला मात्र सगळ्या वाटा पाठ. ती आता कुठेच अडखळू शकत नाही. ठेच लागते ती नव्यानं चालणाऱ्याला. म्हणून मी वही घेऊन बसलो आणि खेळता खेळता लिहीत गेलो. इथे मावशीला विचारलं, कारण आधीच्या पानावर ती मायेनं बोलली होती. इथे तलावाकडे गेलो आणि कथा एकदम संपली. धोक्याची चाहूल आधी कुठेच नव्हती. इथे दोन्ही पर्याय एकाच पानावर आले, त्यानंतर निवडताना विचार करावासा वाटेना. इथे मावशीची घासाघीस वाचून मोठ्यानं हसलो. आज्ञा टाइप करून खेळायच्या जुन्या शब्दखेळांत ही रीत रुळलेली आहे. चाचणी करणारा आपला अख्खा खेळ फाइलीत उतरवून घेतो, मधेमधे शेरे टाकतो आणि फाइल लेखकाच्या हवाली करतो. त्यात निकाल नसतो, साक्ष असते.

वही वाचून तिनं विचारलं, “मग प्रत्येक पर्यायाला वेगळं पान लिहू का?” मी म्हटलं, दर वळणावर दोन फाटे फोडत गेलं तर दहा वळणांनंतर १०२४ शेवट लिहावे लागतील. वाटा पुन्हा एकत्र येऊ द्याव्यात, फक्त कथेनं आठवण ठेवावी. सुरुवातीला मावशीशी दहा रुपयांसाठी भांडलेल्याला शेवटी तिनं ओळख देऊ नये, न भांडलेल्याला हाक मारून बोलवावं. त्यासाठी ट्वाइनमध्ये एक व्हेरिएबल पुरतं.

दुसरी अडचण खास मराठीची. इंग्रजी खेळ वाचकाशी थेट बोलतो तेव्हा त्याला वाचक मुलगा की मुलगी हे ठरवावं लागत नाही. आपल्याकडे ‘तू धावलास’ लिहिलं की मुलगी बाहेर पडते, ‘तू धावलीस’ लिहिलं की मी. तिच्या कथेत दोन्ही रूपं मिसळली होती. ‘तुम्ही धावलात’ दोघांनाही चालतं, ‘तू पिशवी उचललीस’ही चालतं, कारण तिथे क्रियापद पिशवीमागे जातं. यातलं काय घ्यायचं ते मी तिच्यावर सोडलं. कथेतली ‘तू’ मुलगीच आहे, असं ती ठणकावून म्हणाली असती तरी ते योग्यच होतं.

कारण दुसऱ्याच्या रचनेत हात घालायला परवानगी लागते. विल क्राउदरनं १९७६च्या सुमारास, अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेच्या आधारानं, आपल्या मुलींसाठी ‘ॲडव्हेंचर’ हा शब्दखेळ रचला. डॉन वुड्सला तो वाढवावासा वाटला, तेव्हा त्यानं आधी क्राउदरला गाठून विचारलं. १९७७ची त्याची आवृत्ती मग जगभर गेली. सल्ला देण्याचा दाखला आपल्याकडे आहे: ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा पाठवणाऱ्या नवोदितांना सविस्तर पत्रं लिहीत, काय जमलं आणि कुठे बिनसलं ते कळवीत. त्या पत्रांनी लेखक घडले. त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची १९६९ साली बंडखोर तरुणांनी होळी केली, कारण एका साच्यात बसेल तेच इथे छापलं जातं असा त्यांचा राग होता. तो राग किती रास्त, यावर अजून वाद होईल. पण चांगल्या सल्ल्याचाही साचा होऊ शकतो, एवढं त्यातून घ्यावं.

तेव्हा कुणी नवखा आपली कथा खेळायला देईल तर ती शेवटपर्यंत खेळा, एकदा वाट बदलूनही खेळा. काय निवडलं, का निवडलं, कुठे हसलात, कुठे कंटाळलात, ते पानासकट लिहून द्या. उपाय विचारला तरच सुचवा. आणि तुमच्या मनात त्याहून चांगली कथा आली असेल तर ती तुम्ही लिहा. ट्वाइन तुम्हालाही फुकटच आहे.