न केलेल्या व्यवहाराची नोंद

झालेल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद रोजमेळात होते आणि तेथून ती खतावणीत जाते. न झालेल्या व्यवहाराची नोंद मात्र कोणत्याही वहीत नसते. तरीही अनेक माणसे आयुष्यभर नेमक्या त्याच व्यवहाराचा हिशेब मांडीत बसतात.

अहिल्यानगरच्या आडते बाजारातील एका वृद्ध व्यापाऱ्याने असा हिशेब पन्नास वर्षे मांडला. १९७२ च्या दुष्काळात पिके बुडाली, धान्याची आवक आटली आणि एका पेढीवर दोन भावांचे संसार चालणे अवघड झाले. धाकटा पुण्यास गेला, थोरला नगरलाच राहिला. धाकट्याचा व्यापार बहरला. नगरची पेढी जेमतेम चालली. ‘तो गेला, म्हणून मी अडकलो,’ हे थोरल्याचे वाक्य घरातील मुलांना पाठ झाले होते. भांडण कधी झाले नाही. पण संवत्सरीची क्षमापनाही मुलांच्या तोंडून, निरोपानेच पोहोचत असे.

बारावीनंतर नातीपुढे दोन मार्ग आले: पुण्यास अभियांत्रिकी, किंवा नगरमध्ये राहून वाणिज्य शाखा आणि सी.ए. तिने शाळेत शिकलेली रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘द रोड नॉट टेकन’ ही कविता दादाजींना समजावून सांगितली. रानात दोन वाटा फुटतात, प्रवासी त्यांतील एक निवडतो. दादाजी म्हणाले, “म्हणजे कमी लोक गेले ती वाट धरावी, हेच ना?”

“नाही, दादाजी. कवीने आधीच सांगितले आहे की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या. कमी मळलेली वाट मी धरली, असे तो पुढे म्हातारपणी सांगणार आहे.”

या कवितेचा उगमही बोलका आहे. इंग्लंडमध्ये फ्रॉस्ट आणि त्यांचे मित्र एडवर्ड थॉमस रानातून फिरावयास जात. कोणतीही वाट धरली, तरी दुसरी धरावयास हवी होती, अशी थॉमस यांना हळहळ वाटे. मित्राच्या या स्वभावाची हलकी थट्टा म्हणून लिहिलेली ही कविता १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी थॉमस सैन्यात दाखल झाले आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समधील अरासच्या लढाईत मारले गेले. थट्टेच्या कवितेवर अशी गंभीर छाया पडेल, हे दोघांपैकी कोणास ठाऊक होते?

दादाजी बराच वेळ गप्प राहिले. नातीच्या एका वाक्याने त्यांना १९७२ ची ती रात्र आठवली. वडिलांनी दोघांनाही विचारले होते आणि ‘पेठ माझ्या हातात आहे, मी राहतो,’ असे थोरल्यानेच आपण होऊन सांगितले होते. त्यागाची कथा पुढे हळूहळू रचली गेली होती. वाट सारखीच होती. तिचे वर्णन नंतर बदलले होते.

जैन दर्शनातील ‘स्यात्’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. त्याचा अर्थ ‘कदाचित’ नव्हे, तर ‘एका अपेक्षेने’ असा आहे. एका अपेक्षेने थोरल्याचे नुकसान झाले. दुसऱ्या अपेक्षेने आई-वडिलांचे अखेरचे दिवस त्याच्याच घरी गेले, हे धाकट्यास न लाभलेले धन होते. न चाललेल्या वाटेविषयी मात्र कोणत्याच अपेक्षेने ठाम विधान करता येत नाही, कारण ती कोणी पाहिलेलीच नसते.

याच जिल्ह्यातील चिचोंडी येथे १९०० मध्ये जन्मलेल्या नेमिचंद या बालकाने १९१३ मध्ये मिरी येथे दीक्षा घेतली. तो पुढे आचार्य आनंदऋषी होईल, हे त्या दिवशी कोणास माहीत नव्हते. पुढील जवळजवळ ऐंशी वर्षांच्या साधनेने आणि अध्ययनाने त्या निर्णयास अर्थ दिला. निर्णय क्षणाचा असतो. त्याचे मोल त्यानंतरच्या पुरुषार्थाने ठरते.

त्या वर्षी संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर दादाजींनी स्वतः पुण्यास फोन लावला. “मिच्छामि दुक्कडम्,” एवढे म्हणून ते थांबले, मग म्हणाले, “राहतो असे मीच म्हणालो होतो रे. तुझ्या खात्यावर उगाच नावे टाकत राहिलो.” पलीकडून काही क्षण शब्द आला नाही. मग धाकटा म्हणाला, “आई गेली तेव्हा मी वेळेवर पोहोचलो नाही, दादा. ते माझ्या खात्यावर आहेच.”

नात पुण्यासच शिकत आहे आणि धाकट्या आजोबांकडे राहते. निवड योग्य ठरली का, असे कोणी विचारले की दादाजी सांगतात, “आत्ताच कशाला? तिला चालू तर द्या.”