किरकोळ

सोमवार, २६ फेब्रुवारी २०२४, भोसरी
दुपारी पावणेतीनला प्रेसशॉपमधून ओरडा आला. ६० टनी प्रेसवर ठेकेदाराच्या पोराच्या उजव्या तर्जनीचं पेर गेलं. फोरमननं ते शोधून बर्फात घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, चेपलंय, बसणार नाही.
संध्याकाळी अपघाताची वही काढली, ईएसआयची, फॉर्म ११. सवयीनं लिहिलं : ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे बोटास इजा.’ चौदा वर्षं टाइम ऑफिसात बसून हेच वाक्य लिहितेय.

मंगळवार, २७
कारखाने अधिनियमाचं कलम ८८ सांगतं, जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही की संचालनालयाला कळवायचं. ठेकेदारानं यातून वाट काढली : पोराला उद्या रिक्षानं आणू, पंच करून गेटवरच बसवू. धाकटे शेठ मान डोलवत होते. मी म्हटलं, “पंच कुठल्या बोटानं करणार?” त्याची हजेरी त्याच तर्जनीवर आहे, नोंद मीच घेतलेली.
मोठ्या शेठनी वकीलबाईंना बोलावलं. बाई चहाला न थांबता थेट प्रेसपाशी गेल्या. दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. डाव्या बटणाभोवती चिकटपट्टीचा चिकट डाग. फोरमननं खिशातून एक रुपयाचं नाणं काढून दाखवलं. त्या पट्टीनं हेच दाबून बसवलेलं होतं, काल रात्री त्यानं काढलं. मला वाटलं बाई आता संतापतील. त्या एवढंच म्हणाल्या, “काढलं ते काढलं. कधी आणि कुणी काढलं, तेही लिहा. नाणं पाकिटात ठेवा.”
मग माझी वही.
“निष्काळजीपणा तुम्ही पाहिलात?”
“नाही.”
“मग तो लिहू नका. खाडाखोडही नको. एक रेघ, शेजारी सही नि तारीख, आणि खाली काय घडलं ते.”
आज मराठी भाषा गौरव दिन. माझं मराठी एका वकिलानं तपासलं.
कळवण्यासाठी ४८ तास सरायची वाट पाहिली नाही. पोरगा दोन दिवसांत येणार नाही हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. ठेकेदाराचा माणूस असला तरी कायद्यानं तो आमच्याच कारखान्याचा कामगार, आणि भोगवटादार म्हणून कागदावर नाव मोठ्या शेठचं. ते ऐकून धाकटे एकदम गप्प झाले.
जाता जाता बाईंनी प्रथमोपचाराची वही मागितली. ही कुणी कधी मागत नाही. कापूस-पट्टी किती लागली एवढ्याचसाठी ठेवलेली. बाईंनी पेन्सिलीनं ऑक्टोबरपासून खुणा केल्या : ६० टनी, नख काळं, किरकोळ. ६० टनी, बोट ठेचलं, किरकोळ. ६० टनी, किरकोळ. ६० टनी, किरकोळ. चारही वेळा अक्षर माझं.

गुरुवार, २९
सुट्टी. पोराच्या खोलीवर गेले. बिनपगारी होईल या धास्तीनं त्याला झोप नाही. त्याला ईएसआय आहे, नशीब. हात बरा होईपर्यंत रोजाच्या सुमारे ९० टक्के मिळतील, हे दोनदा समजावलं. पुढचं मेडिकल बोर्ड ठरवील. पण कायद्याच्या अनुसूचीत तर्जनीच्या एका पेराला ९ टक्के आहेत, म्हणजे तेवढी कमावायची ताकद गेली असं धरतात. मधल्या बोटाला ७. कुणीतरी कधीतरी बसून हे ठरवलं असणार.
“नाणं माझ्या आधीपासूनच होतं, ताई,” तो म्हणाला. “नग पुरे व्हायचे नाहीत त्याच्याशिवाय.”

सोमवार, ४ मार्च
सुरक्षा दिन. बिल्ले लावले, शपथ घेतली. शपथ वाचून दाखवायचं काम फोरमनकडे होतं. त्यानं ते दुसऱ्याला दिलं.

बुधवार, ६ मार्च
संचालनालयाचे इन्स्पेक्टर आले. बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं : मागतील ते द्या, अंदाज सांगू नका, जबाब वाचूनच सही करा. फोरमनला वेगळं बसवून सांगितलं, की स्वतःच्या अंगलट येईल अशा प्रश्नाचं उत्तर द्यायची कलम ९ खाली सक्ती नाही. एवढं सांगूनही गड्यानं पाकीट टेबलावर ठेवलं नि सगळं सांगून टाकलं. इन्स्पेक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्या. पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवून विचारलं, “या कुणाच्या?”
यंत्राला आडोसा नसण्याचं कलम २१ लागेल. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खटला गुदरायला त्यांच्याकडे तीन महिने आहेत. मोठे शेठ जेवले नाहीत.

सोमवार, १५ एप्रिल
पोरगा फिटनेसचा दाखला घेऊन आला. त्याला पॅकिंगला घेतलंय. हजेरीच्या यंत्रावर त्याची जुनी नोंद पुसली. नवी घेताना सवयीनं त्यानं उजवाच हात पुढे केला, मग मागे घेऊन डावा दिला. कोरड्या कातडीमुळे यंत्र दोनदा नको म्हणालं. मी ओला रुमाल दिला.