घोडीला विचारून

तुळशीचं लग्न लागलं की भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये टापांचा आवाज वाढतो. वरातीच्या घोड्या रात्री उशिरा परततात आणि सकाळी ऊन खात उभ्या असतात. आत्याच्या गल्लीच्या टोकाला अशीच एक पांढरी घोडी आहे. यंदा मी आणि भाचा तिच्याकडे गेलो ते तीन वास घेऊन: लव्हेंडर आणि पेपरमिंटच्या तेलाच्या बाटल्या, आणि आत्याच्या डब्यातला ओवा.

इंग्लंडमधल्या कॅरोलाइन इंग्रॅम यांच्या पद्धतीबद्दल मी वाचलं होतं. घोड्यासमोर वनस्पती आणि सुगंधी तेलं धरायची. हुंगायचं, चाटायचं की तोंड फिरवायचं, हे त्यानं ठरवायचं. कल्पनेला रानातला आधार आहे. १९८७ मध्ये टांझानियातल्या महाले डोंगरांत मायकेल हफमन यांना एक आजारी चिंपांझी मादी कडू झुडपाचा गाभा चोखताना दिसली. दुसऱ्या दिवशी ती बरी दिसत होती.

घोडीवाल्या चाचांनी परवानगी दिली. बाटल्या लांबूनच धरल्या. लव्हेंडरशी ती रेंगाळली, डोळे अर्धवट मिटले. पेपरमिंटला तिनं सरळ मान फिरवली. ओवा हुंगून वरचा ओठ असा उलटा केला की भाचा ओरडला, "मामा, हसतेय!" हसणं नव्हे, ओठ उलटून घोडा टाळूवरच्या एका खास इंद्रियाकडे वास पोचवतो.

चाचा म्हणाले, "बेटा, मुँह फेर ले तो समझो नहीं चाहिए." तेही कोंड्यात ओवा आणि काळं मीठ कालवून पुढे ठेवतात. नको असेल तर जबरदस्ती नाही.

"मग सगळं तिच्यावरच सोडायचं?" मी विचारलं.

त्यांनी रस्त्याच्या दुभाजकावरची फुललेली कण्हेर दाखवली. त्यांच्या भावाच्या तट्टानं एकदा छाटलेल्या कण्हेरीचा पाला खाल्ला. सकाळपर्यंत खेळ संपला. कण्हेरीचं विष हृदयावर जातं, पाला वाळला तरी उतरत नाही, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. एकदा पोटातलं पोटात.

मग त्यांनी गेल्या हंगामातली रात्र सांगितली. घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती, वळून वळून कुशीकडे बघत होती. पोटशूळ. चाचांनी वरात सोडली, घेतलेला बयाणा परत केला आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. "उस रात उससे कुछ नहीं पूछा," ते म्हणाले.

लव्हेंडरच्या वासानं घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचं काही छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. घोडा आपला आजार ओळखून नेमकं औषध निवडतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. शिवाय आपण पुढे ठेवतो त्यातूनच तो निवडणार. इथून भदभद्याच्या पुढे, बिशनखेडीला राज्याची घोडेस्वारी अकादमी आहे. स्पर्धेच्या घोड्यांना तर वास देतानाही जपावं लागतं: २००८ च्या ऑलिंपिकमध्ये काही घोडे मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळे बाद झाले होते.

बाटल्या मी खिशात टाकल्या. निघताना भाच्याला घोडीवर बसायचं होतं. चाचांनी मान हलवली. रात्री दोनपर्यंत ती वरातीत होती. मग त्यानं तळहात सपाट करून गुळाचा खडा धरला. घोडीनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

त्यानं हात पुढे रेटला नाही. गूळ स्वतःच खाल्ला.