नाव आणि गाव

आमच्या समोरच्या दारात एक कच्छी कुटुंब राहतं. वाशीत अशी घरं पुष्कळ. भाईंचाही एपीएमसीच्या दाणाबाजारात गाळा आहे. गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना त्यांना वडिलांचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. तो घेऊन ते आमच्याकडे आले. "ताई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होता ना? बापूजी हे दगड जिवापाड जपायचे. टाकवत नाहीत, आणि आहेत काय तेही कळत नाही."

डब्यात 23 दगड होते. मळकट पिवळे, तपकिरी, सुपारीपासून लिंबाएवढे. पहिल्याच दगडावर बोट फिरवलं आणि वेढे हाताला लागले. गोगलगाईचं कवच होतं ते, दगड झालेलं.

आमच्या जवळच्या पारसिकच्या डोंगरात असलं काही मिळत नाही. आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. कच्छमध्ये मात्र ज्युरासिक काळातल्या समुद्राचा तळ उघडा पडला आहे. सह्याद्री जन्मायच्या कितीतरी आधी तिथं उथळ, उबदार समुद्र होता. कॅप्टन ग्रँट यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला, त्यासोबत 1840 मध्ये सोवर्बी यांनी तिथल्या जीवाश्मांची वर्णनं छापली. तेव्हापासून अभ्यासकांची कच्छकडे रीघ लागली आहे. हे मला आधीपासून माहीत नव्हतं. भूशास्त्राच्या एक प्राध्यापिका माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना फोन केला आणि माझी शिकवणी सुरू झाली.

त्यांनी पहिली ताकीद दिली : व्हिनेगर, लिंबू, आम्ल काही लावायचं नाही, कवच चुन्याचं असतं, विरघळून जाईल. साधं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश. मग मी सगळे दगड स्टीलच्या ताटात ओतले आणि तांदूळ निवडावेत तशी निवडायला बसले.

सर्वांत आधी वेगळे काढले ते अमोनाइट. हेही गुंडाळलेले, पण एकाच पातळीत, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे. फुटक्या तुकड्यात आडवे पडदे आणि त्यांनी पाडलेल्या खोल्या दिसत होत्या. गोगलगाईच्या कवचात अशा खोल्यांची रांग नसते, आणि तिचे वेढे सहसा जिन्यासारखे खाली उतरत जातात. अमोनाइट हे माकूल आणि ऑक्टोपसचे नातलग. आमच्या देवघरात सासूबाईंचा शाळिग्राम आहे. मी तो हातात घेऊन निरखला. गंडकीच्या पात्रातला तो काळा गोटाही अमोनाइटच, हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा. इतकी वर्षं रोज त्याला आंघोळ घातली, पण त्याची ओळख त्या दिवशी पटली. पाच अमोनाइट आणि दोन शिंपले बाजूला ठेवले. उरल्या सोळा गोगलगाई.

आता कवच धरायचं कसं, हेही शिकावं लागलं. टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर ते उजव्या वळणाचं. आपण पूजेतला शंख टोक खाली करून धरतो, त्यामुळे आपला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख शास्त्राच्या भाषेत डावखोरा ठरतो. माझे सोळाही उजवे निघाले. सागर विहारच्या बाजूला खाडीच्या चिखलात उंच निमुळत्या गोगलगाई मिळतात, त्यांची दोन रिकामी कवचं आणून शेजारी ठेवली. वळण तेच, दिशा तीच.

सोळांपैकी नऊंवर कवच उरलंच नव्हतं. गोगलगाईचं कवच बहुधा अ‍ॅरागोनाइटचं असतं आणि ते सहज विरघळतं. मागे राहतो आत भरलेल्या गाळाचा घट्ट गोळा, म्हणजे आतला साचा; मोदकाची पारी काढून घेतल्यावर आतलं सारण उरावं तसा. ओळख पटवणारी नक्षी बाहेरच्या अंगावर असते. ती गेली की जातीचं नाव देता येत नाही. मला मोह झाला होता. पुस्तकातल्या चित्राशी जुळवून दोघांना नावंही दिली होती. बाईंनी फोटो पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "आतल्या साच्यावर नाव टाकू नका. चुकीचं नाव पुढच्याला फसवतं." मी ती नावं खोडली.

तीन कवचं उंच, स्क्रूसारखी. ज्युरासिकमधल्या नेरिनिया गटाची असतील का? त्या गटाच्या कवचाच्या आत, मधल्या दांड्यावर आणि भिंतींवर घड्या असतात; बाहेरून दिसत नाहीत. भाईंना विचारून त्यातला आधीच मोडलेला एक तुकडा काचेवर ओल्या पॉलिश पेपरने घासला, आधी 220 नंबर, मग 600. दोन संध्याकाळी गेल्या. आतली भिंत गुळगुळीत, घडी एकही नाही. म्हणजे नेरिनिया नव्हे. एवढंच कळलं, आणि एवढंच लिहिलं.

राहिली चार. बसकट, भोवऱ्यासारखी, कवच शाबूत. भिंगाखाली प्रत्येक वेढ्यावर एक अरुंद पट्टा दिसला आणि त्यात मागे वळलेल्या चंद्रकोरीसारख्या रेघा. ही खाचवाल्या गोगलगाईंची, प्लुरोटोमारियाच्या कुळाची खूण. त्यांच्या तोंडाच्या कडेला खाच असते, तिच्यातून वापरलेलं पाणी बाहेर जातं. कवच वाढतं तशी मागची खाच भरत येते आणि हा पट्टा उरतो. हे कूळ आधी जीवाश्मांतूनच ठाऊक होतं; जिवंत जातीचं वर्णन पहिल्यांदा झालं ते 1856 मध्ये, कॅरिबियनमधल्या एका नमुन्यावरून. कच्छच्या गोगलगाईंवर जेटली, साबो आणि फ्युर्सिश यांचा 2000 सालचा शोधनिबंध आहे, त्यात हे कूळही येतं. तो समोर ठेवून शिखराचा कोन मोजला, पट्ट्याची जागा पाहिली. पट्टा वेढ्याच्या कोनावरच होता. बाथ्रोटोमारिया हा वंश जुळत होता.

"पण कुठून आणलेत?" बाईंनी विचारलं. "गाव नसेल तर नाव अर्धंच." डब्यात चिठ्ठी नव्हती. मी पुन्हा भिंग घेतलं. या चारांपैकी तिघांच्या तोंडात अडकलेल्या दगडात खसखशीसारखे गोल तपकिरी दाणे होते. कच्छमधला धोसा ऊलाइट हा थर अशाच लोहयुक्त दाण्यांचा, सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीचा. पण तसे दाणे कच्छमधल्या दुसऱ्या थरांतही आहेत.

भाईंनी भुजला मोठ्या बहिणीला फोन लावला. स्पीकरवर त्यांचा थकलेला आवाज आला. बापूजी लोडाईला मामाकडे जायचे, येताना हबाय टेकड्यांतून दगड खिशात भरून आणायचे, खिसे फाटायचे म्हणून बा ओरडायची. लोडाई! हबायच्या टेकड्यांत धोसा ऊलाइट उघडा पडलेला आहे. मी खुर्चीतून उठलेच.

मग चिठ्ठ्या केल्या. चौघांवर 'बाथ्रोटोमारिया, जात अनिश्चित'. नऊंवर 'गोगलगाय, आतला साचा'. तिघांवर 'उंच शिखराची, वंश अनिश्चित'. गाव मी फक्त दाणे असलेल्या तिघांवर लिहिलं : 'हबाय टेकड्या, लोडाईजवळ, कच्छ, घरच्या आठवणीवरून'. बाकीच्या वीस चिठ्ठ्यांवर 'कच्छ', त्यापुढे काही नाही.

चिठ्ठीवर शेवटची एक ओळ असते, नमुना वेचणाऱ्याच्या नावाची. तिथं मी थांबले आणि पेन भाईंकडे दिलं. त्यांनी चष्मा पुसला. 23 चिठ्ठ्यांवर, एकेक करून, त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं.