अंबेची फिर्याद, भीष्मांच्या तोंडून

अंबोपाख्यान उद्योगपर्वाच्या अगदी शेवटी येतं. युद्ध दारात आलंय आणि दुर्योधन भीष्मांना विचारतो, शिखंडीवर बाण का टाकणार नाही? उत्तर म्हणून भीष्म ही गोष्ट सांगायला बसतात. म्हणजे अंबेची फिर्याद आपल्याला ऐकू येते ती आरोपीच्या तोंडून.

*

भीष्मांनी काशीच्या स्वयंवरातून अंबेसह तिघी बहिणींना उचललं, ते आपल्या सावत्र भावासाठी, विचित्रवीर्यासाठी. अंबेने सांगितलं, मी मनाने शाल्व राजाला वरलंय. भीष्मांनी तिला रीतसर पाठवून दिलं, सोबत वृद्ध ब्राह्मण आणि दाई. शाल्व म्हणाला, दुसऱ्याने जिंकून नेलेली मला नको. इतकं सगळ्यांना माहीत असतं.

*

शाल्वाच्या नगराबाहेर पडल्यावर ती दोष कुणाचा याचा हिशेब मांडते, आणि तो मला या आख्यानातला सगळ्यांत जिवंत भाग वाटतो. आधी स्वतःलाच धरते: लढाई चालू असतानाच रथातून उडी का नाही टाकली? मग बापाला, ज्याने मुलगी पराक्रमाच्या बोलीवर लावली. मग भीष्म, शाल्व, दैव. शेवटी ठरवते की मूळ भीष्मच. वाटेत एका आश्रमातले तापस सुचवतात, माहेरी जा. ती म्हणते, तिथे माझी अवहेलनाच होईल. हे वाक्य तर आजही कुठल्याही पोलीस ठाण्यात ऐकू येईल.

*

अंबेची बाजू घेऊन परशुराम आपल्या शिष्याला, भीष्मांना सांगतात, हिला घेऊन जा. भीष्मांचं उत्तर: जिचं मन दुसऱ्यावर आहे अशी बाई घरात ठेवणं म्हणजे सापीण पाळणं. ज्यांनी हात धरून रथात घातली त्यांचे हे शब्द! पुढे कुरुक्षेत्रावर गुरु-शिष्य 23 दिवस लढले. निकाल काहीच नाही. परशुरामांनी हात टेकले आणि अंबा तप करायला निघाली.

*

ती निघाल्यावर भीष्मांनी तिच्या मागे माणसं लावली. कुठे जाते, काय बोलते, काय करते, याची रोजच्या रोज खबर. हे तेच सांगतात, काही विशेष केल्याचा आव न आणता. पुढे द्रुपदाच्या घरीही त्यांचे हेर होते, आंधळ्या-बहिऱ्यांच्या सोंगात. निर्धास्त माणूस असं करत नाही.

*

तपात आडवी आली गंगा, भीष्मांची आई. आई ती आईच. शाप दिला: वाकडीतिकडी नदी होशील, पावसाळ्यात वाहशील, आठ महिने कोरडी, मगरींनी भरलेली. अंबा अर्धी नदी झाली, अर्धी मुलगीच राहिली. त्या अर्ध्या देहाने पुन्हा तप केलं, शंकराचा वर मिळवला आणि ‘भीष्मवधासाठी’ म्हणत चितेत शिरली.

*

अंबेला देवाकडून मिळालेल्या न कोमेजणाऱ्या माळेची गोष्ट लोकप्रिय आहे, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात ती नाही. मला तिची उणीव वाटत नाही. मूळ अंबा दैवी खुणेवर अवलंबून नाही. एकेक दार ठोठावत जाते.

*

अंबा पुन्हा जन्मली ती द्रुपदाच्या घरी, शिखंडी म्हणून; आणि शिखंडी मुलगी म्हणूनच जन्मला. मुलगा म्हणून वाढवला, दशार्ण देशाची राजकन्या बायको करून आणली, बिंग फुटलं, सासरा चालून आला. तेव्हा स्थूणाकर्ण यक्षाने आपलं पुरुषत्व उसनं दिलं. सगळ्या आख्यानात अंबेला मनापासून मदत केली ती या यक्षाने, आणि कुबेराचा शाप त्यालाच मिळाला.

*

सूड पुरा झाला का? युद्धाच्या दहाव्या दिवशी शिखंडी पुढे उभा राहिला, पण पडता पडता भीष्म म्हणत राहिले की हे बाण अर्जुनाचे, शिखंडीचे नव्हेत. शेवटचं श्रेयही तिला द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. माझ्या मते हा या माणसाचा सर्वांत कोता क्षण. ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्व्यांनी भीष्मांना सोडलं नाही, ते बरंच झालं.

*

एवढी गोष्ट ऐकून दुर्योधन काय म्हणाला? क्षणभर विचार केला आणि भीष्मांचं वागणं त्याला योग्य वाटलं. अंबेबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या सकाळी त्याने विचारलं, पांडवांची सेना संपवायला किती दिवस लागतील? भीष्म म्हणाले, एक महिना.