माया

गेल्या महिन्यात दोन पँटी घेऊन शिंप्याकडे गेलो. पोट सुटलं होतं, तेव्हा कंबरही सोडवून घ्यायची होती. पहिली पँट वीसेक वर्षांपूर्वी कापड घेऊन शिवलेली. काकांनी मागच्या शिवणीचे टाके ब्लेडने उसवले, तर आत दोन्ही अंगांना दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं. दुसरी मॉलमधली, किमतीने पहिलीच्या चौपट. ती त्यांनी उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिली.

"ह्याच्यात मायाच नाही साहेब. सोडू कुठून?"

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात. हा शब्द तिथे कुठून आला असेल, याचा विचार मी परतताना रिक्षात करत होतो. दिसत नाही पण असते, एवढं तर जुळतंच.

माझ्या लहानपणी शाळेचा गणवेश 'वाढत्या अंगाचा' शिवत. जूनमध्ये चड्डी गुडघ्यावर लोंबायची आणि सदऱ्याच्या बाह्यांत कोपर हरवायचं. मापात बसायला दिवाळी उजाडे. पुढच्या वर्षी दुमड सोडली की खाली गडद, न विटलेला पट्टा यायचा, आणि त्यावरून कोण किती वाढला ते अख्ख्या वर्गाला कळायचं. शर्टाची कॉलर मानेपाशी विरली की उसवून, उलटी करून पुन्हा लावत. म्हणजे शिवतानाच कपड्याचं दुसरं आयुष्य गृहीत धरलेलं असायचं.

लुगड्याचं तर तिसरंही. नऊवारी नेहमी बसण्याउठण्याच्या जागी विरते. तेवढा भाग कापून काढायचा, उरलेली धड टोकं काठाला काठ भिडवून जोडायची. याला दंड घालणं म्हणत. मग तेही विरलं की गोधडीत. आज गोधडीचं कौतुक प्रदर्शनांतून होतं, पण दंड घातलेलं लुगडं नेसून लग्नाला जायची बाईला लाज वाटे, हे कुणी सांगत नाही. ती काटकसर हौसेची नव्हती. कापड महाग होतं आणि बाईचे कष्ट फुकट धरलेले होते.

आता हिशेब उलटा झालाय. ओव्हरलॉक मशीनला सुईशेजारी पातं असतं. ते शिवता शिवता कडेचं जादा कापड छाटतं आणि कडेवर दोऱ्याची जाळी घालतं. काम झटपट, सूतही निघत नाही. शिवणीत उरतं जेमतेम पाव इंच. एका पँटीमागे बोटभर कापड वाचलं तरी लाखभर पँटींत कारखानदाराचं भलं होतं. वर कापडात ताणला जाणारा धागा घालतात, म्हणजे एकच माप चार जणांना चालावं. तो धागा धुण्याने आणि उष्णतेने थकतो, गुडघे फुगून बसतात, आणि त्यावर कोणत्याही शिंप्याकडे औषध नाही.

जुनं कुडतं पाहावं. अंगाला कापडाचा सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना कळ्या. लांबट चौकोन तिरका कापला की दोन कळ्या होतात, चिंधी उरत नाही. बगलेत छोटा चौकोनी तुकडा, म्हणून हात वर केला तरी शिवण ओढली जात नाही. ओढ नाही, तर फाटणंही लांबतं. याला आज कुणी डिझाइन म्हणून पुरस्कार देईल. शिवणाऱ्याला ती नुसती बेतण्याची रीत होती.

तसं एक कुडतं मी शिवायला टाकलंय. दुपदरी सुताचं जाड खादी कापड, उजेडासमोर धरून पारखलेलं. शिलाई ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात दोन तयार आले असते. खरंच आले असते. काकांनी टेप गळ्यात टाकत विचारलं, "माया किती ठेवू?" मी पोटाकडे पाहिलं आणि दोन इंच म्हणालो.

सोडवलेली पँट परवा आणली. मागे कंबरेखाली दोन गडद रेघा उमटल्यात, वीस वर्षांपूर्वीच्या रंगाच्या. शर्ट बाहेर सोडला की दिसत नाहीत.